पाणी कुठं जातंय?

‘गाडी पाणी खाते, जरा बघा,’ असं म्हणून गिऱ्हाईक चावी टेबलावर ठेवतं आणि पाठोपाठ विचारतं, ‘संध्याकाळपर्यंत होईल ना?’ खंबाटकी घाटाच्या अलीकडं, पारगाव-खंडाळ्याच्या बाजूला गॅरेज टाकल्यापासून ही दोन वाक्यं जोडीनंच ऐकत आलोय. त्यातल्या दुसऱ्याचं उत्तर जास्त अवघड. पाईप बदलायला वीस मिनिटं पुरतात. कुठला पाईप, हे ठरवायला कधी कधी दोन दिवस जातात. आणि पैसे मिळतात ते त्या वीस मिनिटांचे.

पुण्याहून साताऱ्याकडं जाणारी वाहनं वर्षानुवर्षं घाट चढून जात आलीत, साताऱ्याहून येणारी बोगद्यातून सुटतात. त्यामुळं चढाचा सगळा त्रास आमच्या बाजूला. मे महिन्यात, किंवा शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की महाबळेश्वर, कोल्हापूर, कोकणाकडं निघालेल्या गाड्या घाटात अडकतात. पहिल्या गिअरवर सरकत राहायचं, एसी चालू, आत सहा माणसं, टपावर बॅगा. नवी गाडी हे सोसते. पंधरा वर्षांच्या गाडीत जे काही इतके दिवस झाकून राहिलेलं असतं ते दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर उघडं पडतं. मग बोनेट वर, वाफ, आणि कुणीतरी पिण्याच्या पाण्याची थंडगार बाटली तापलेल्या इंजिनावर ओतत असतो. ते दिसलं की मी लांबूनच ओरडतो. तापलेल्या ॲल्युमिनियमच्या हेडवर गार पाणी पडलं की हेड वाकतं, आणि पाईपच्या कामाला आलेली गाडी हेडच्या कामाला लागते.

बरेच जण म्हणतात, ‘पण काटा तर खाली होता हो!’ ते खोटं बोलत नसतात. तापमान सांगणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो. पाणीच उरलं नाही की तो हवेत लटकतो आणि काटा पडतो. चढावर काटा वर जाऊन एकदम खाली आला की माणसाला हायसं वाटतं. गाडी बाजूला घ्यायची ती नेमकी तीच वेळ.

मी शिकलो पुण्यात, एका वस्तादांच्या हाताखाली. तेव्हा गिऱ्हाईक बहुतेक टॅक्सीवाले. गाड्या पद्मिनी नाहीतर अँबॅसिडर. रेडिएटर तांब्या-पितळेचे. गळायला लागला की उतरवायचा, रेडिएटरवाल्याकडं न्यायचा, तो डाग मारून देई. फारच चोंदला असेल तर टाक्या उघडून नळ्यांतून पट्टी फिरवून रॉडिंग करी. अँबॅसिडरचं हेड बिडाचं. तापली, सावलीत थांबवली, डिकीतल्या कॅनमधलं पाणी घातलं की निघाली. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि हलक्या इंजिनांचा जमाना सुरू झाला. ॲल्युमिनियमचं हेड, विजेवर फिरणारा पंखा, पुढं पुढं प्लॅस्टिकच्या टाक्यांचे रेडिएटर. पेट्रोल कमी लागायला लागलं, पण तापण्याला माफी राहिली नाही. डिकीत कॅन ठेवायची सवय मात्र लोकांनी सोडली नाही. अजूनही कुणी कुणी अभिमानानं सांगतात, ‘रोज सकाळी एक तांब्या घालतो, काही त्रास नाही.’

वस्ताद गाडी आल्या आल्या कुणाला पाना हातात घेऊ देत नसत. बोनेट उघडायचं आणि हात पाठीमागं बांधून बघायचं. ‘ओल्याच्या मागं लागू नको, वाळलेलं शोध,’ असं ते म्हणत. त्याचा अर्थ कळायला मला वेळ लागला. गाडी पळत असताना पंख्याचा वारा आणि समोरचा वारा मिळून पाणी मागं ढकलतात. पुढच्या बाजूचा थेंब गिअरबॉक्सपाशी जाऊन टपकतो आणि नवखा पोरगा गिअरबॉक्सखाली आडवा होतो. पण जिथून पाणी निघालं तिथं कूलंट वाळून पांढरट-हिरवट खपली धरते. नुसतंच पाणी घालत असतील तर गंजाचा तांबूस ओघळ किंवा क्षाराची रेघ राहते. तेवढं सापडलं की अर्धं काम झालं. तेही नाही सापडलं, तर संशयाच्या जागा पुसून कोरड्या करायच्या, त्यांवर अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरायची आणि इंजिन चालू करायचं. पावडरीत ओली रेघ उमटते. रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरायचं आणि चाकांच्या जागा पेनानं आखून ठेवायच्या, म्हणजे सकाळी डाग नेमका कशाखाली पडला ते कळतं.

रेडिएटरचं झाकण ही सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. ते कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं. वर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तेवढ्या बारपर्यंत दाब आत कोंडायचा, त्यापुढचा बाटलीकडं सोडायचा. ०.९ बारच्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा ११८-११९ अंशांच्या आत उकळत नाही. कूलंट असेल तर आणखी वर जातं. झाकणाचं रबर कडक झालं, चिरलं, की हा दाब टिकत नाही. आता हिशोब बघा. थर्मोस्टॅट उघडतो ८२ ते ८८ अंशांना, इंजिन चालतं नव्वदीच्या घरात. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे आणि तिथं उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. म्हणजे पुण्यात वर्षभर मुकाट चालणारी गाडी पसरणीचा घाट चढून वर गेली की पाणी बाहेर फेकायला मोकळी. गळती कुठंच नसते. अशा गाड्यांना रेडिएटर बदललेले मी पाहिलेत. जुनं झाकण मात्र नव्या रेडिएटरवर इमानानं बसवलेलं.

दाब तपासायचा तयार पंप सुरुवातीला परवडणारा नव्हता. मग एका जुन्या झाकणाला मधोमध भोक पाडून त्यात ट्यूबचा पितळी वॉल्व बसवला, डाग मारून घेतला, पंक्चरवाल्याकडचं जुनं मीटर जोडलं आणि सायकलच्या पंपानं हवा भरायला लागलो. बाटलीकडं जाणारी नळी चिमट्यानं दाबून बंद करायची, झाकणावरच्या आकड्यापर्यंत हवा भरायची आणि थांबायचं. आकड्याच्या पुढं जायचं नाही, नाहीतर धडधाकट रेडिएटरही आपल्याच हातानं फुटतो. माझ्या धंद्यात काही बदललं असेल तर ते या जुगाडानं. इंजिन गार असताना आत दाब उभा करता येतो. पंखा नाही, वारा नाही, थेंब तापून उडून जायला ऊन लोखंड नाही. जिथं गळतंय तिथं ओल तशीच बसून राहते. पुढं तयार पंप घेतला, पण ते झाकण अजून भिंतीवर आहे आणि एखाद्या वेगळ्या मापाच्या गळ्याला लागतंही.

एका निवृत्त शिक्षकांची गाडी याच पंपावर सापडली. जुनी, लहान, पण निगुतीनं वापरलेली. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पुन्हा पासिंग करून, पर्यावरण कर भरून त्यांनी ती पुढं चालवायची ठरवली होती. आठवड्याला साधारण अर्धा लिटर पाणी जात होतं आणि खाली एक थेंब दिसत नव्हता. दुसरीकडं रेडिएटर बदलून झाला होता, वरचा-खालचा होस पाईपही. सगळ्या पावत्या एका फाईलीत लावलेल्या. सोबत एक छोटी वही. कधी किती पाणी घातलं, तेव्हा किलोमीटर किती होते, सगळं रकाने आखून. असं गिऱ्हाईक क्वचित मिळतं. वहीत स्पष्ट दिसत होतं की सोमवारच्या भरण्याला पाणी जास्त लागतं. रविवारी ते घाट ओलांडून गावी शेतावर जात. म्हणजे लांब पल्ला, चढ आणि पूर्ण तापलेलं इंजिन.

संध्याकाळी इंजिन गार झाल्यावर दाब भरला, खाली कागद पसरला आणि शटर ओढलं. सकाळी मीटरचा काटा खाली आलेला आणि कागदावर वॉटर पंपाच्या बाजूला एक लहानसा हिरवट डाग. पंपाखाली डोकं शिरत नाही. त्यासाठी दाढा बघायचा लांब दांडीचा आरसा मी ठेवलाय. आरसा आत घालून बॅटरी मारली तर पंपाच्या खालच्या अंगाला एम-सीलचा गोळा. पंपाच्या दांड्यावर सील असतं. ते झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये जाऊ नये, बाहेर पडावं आणि मालकाला कळावं, म्हणून बनवणारे मुद्दाम एक बारीक भोक ठेवतात. कुणीतरी तेच भोक बुजवून ‘लीकेज’ बंद केलं होतं. पाणी आता त्या गोळ्याच्या कडेनं हळूहळू पाझरत होतं, तापलेल्या लोखंडावर पडून वाफ होऊन जात होतं, आणि बेअरिंग आतून गंजत होतं. पंप हातानं हलवून पाहिला तर दांड्याला खेळ आलेला. आणखी काही दिवसांनी पुली हलून पट्टा उडाला असता.

सरांनी फाईल मिटून विचारलं, ‘मग रेडिएटर कशाला बदलला त्यांनी?’ मी त्या माणसाला फार दोष दिला नाही. बिलात ‘रेडिएटर’ लिहिता येतं आणि गिऱ्हाईकाला जुना काढलेला रेडिएटर दाखवता येतो. ‘रात्रभर वाट पाहिली’ असं बिलात लिहायला जागा नसते.

सगळ्या गळत्या दाबाखाली सापडतात असं नाही. काही फक्त गार असताना गळतात. रबर आखडतं, क्लिप सैल पडते, सकाळी पाईपच्या तोंडाशी थेंब दिसतो. इंजिन तापून सगळं फुगलं की थेंब गायब. जानेवारीत असली गाडी हमखास येते आणि उन्हाळ्यात विसरली जाते. उलट प्लॅस्टिकच्या टाक्यांचा रेडिएटर गार असताना साळसूद असतो. टाकी आणि जाळी जिथं पत्रा दुमडून एकत्र आवळलेली असते तिथं केसाएवढी चीर जाते आणि ती तापल्यावरच उघडते. त्यासाठी दाब भरून, इंजिन तापवून, दोन्ही एकदम करावं लागतं.

एका गाडीनं मात्र खरी करमणूक केली. बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा. मालक रोज बाटली बघायचे, भरलेली आहे म्हणून खूश असायचे. इंजिन तापलं की जादा पाणी बाटलीत जातं. गार होताना रेडिएटरनं ते परत ओढून घ्यायचं असतं. दोघांमधली बोटाएवढी रबरी नळी टोकाला चिरली होती. गार होताना पाण्याऐवजी चिरेतून हवा आत जात होती. नळीचं टोक दोन बोटं कापून पुन्हा बसवलं, काम संपलं. म्हणजे खर्च शून्य. पण ते कळेपर्यंत माझी आख्खी सकाळ गेली होती. मी मजुरी सांगितली तर मालक म्हणाले, ‘अहो, नुसती नळी तर कापली!’ बोलणं बरंच लांबलं. शेवटी त्यांनी पैसे दिले, पण पुन्हा काही ते आले नाहीत. त्यानंतर मी गॅरेजवर पाटी लावली: ‘गळती शोधण्याची तपासणी फी वेगळी. काम इथं करा किंवा दुसरीकडं.’ सुरुवातीला निम्मी गिऱ्हाईकं पाटी वाचून परत जायची. शेजारचा टायरवाला हसायचा. पण जी थांबायची त्यांच्या गाडीवर मला निवांत बसता यायला लागलं. नको तो पार्ट बदलून मजुरी काढायची गरज उरली नाही, हे त्या पाटीचं खरं उत्पन्न.

पाचगणीहून एक बाई गाडी घेऊन आल्या होत्या. डाव्या पायाखालचं कार्पेट ओलं, आणि पावसाळ्यात काच आतून पुसली तरी तेलकट राहते म्हणून वैतागलेल्या. कुणीतरी एसीचं पाणी म्हणून सांगितलं होतं. तसं होतंही, एसीच्या पाण्याची नळी चोंदली की पाणी आत उतरतं. पण ते नुसतं पाणी असतं, बोटाला काही लागत नाही. इथं कार्पेट दाबून बोटं चोळली तर बुळबुळीत, आणि वास गोडसर. हीटरची जाळी फुटली होती. ती असते डॅशबोर्डच्या पोटात. जाळी महाग नाही, पण तिच्यापर्यंत पोहोचायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो आणि तो दिवसभराचा उद्योग. आमच्या खालच्या भागात मी सरळ सांगतो, इंजिनाच्या बाजूनं हीटरचे दोन पाईप एकमेकांना जोडून टाका, हीटर कोण लावतंय! पाचगणीत पावसाळ्याचे चार महिने धुक्यात काच साफ ठेवायला हीटर लागतो. त्यांना ते सांगितलं, आणि त्यांनी पूर्ण काम करून घेतलं. जाताना मी बजावलं की सांडलेलं कूलंट धुऊन घ्या, घरात कुत्रं असेल तर आधी. चवीला गोड असल्यानं जनावर चाटतं आणि ते विषारी असतं.

हळदीबद्दल लिहिलं नाही तर ट्रकवाले रागावतील. रेडिएटर बारीक गळत असेल तर मूठभर हळद टाकायची ही या रस्त्यावरची जुनी विद्या. हळद फुगते, पाण्याबरोबर चिरेपाशी जाते, बसते. रात्री घाटात अडकलेल्या माणसाला पुढच्या गावापर्यंत पोहोचवायला तेवढं पुरतं आणि मला त्यात गैर वाटत नाही. बाजारातली गळती बंद करायची पावडरही तसलीच. भानगड अशी की गाडी पोहोचली की लोक तीच कायमची दुरुस्ती समजतात. मग तो चिखल बारीक नळ्यांत बसतो आणि रेडिएटर काही ठिकाणी तापलेला, काही ठिकाणी गार, अशी अवस्था होते. त्यात आमच्याकडचं बोअरचं पाणी. घरच्या तोट्यांवर पांढरे थर चढतात, तेच इंजिनाच्या आत. ‘इथं कुठं बर्फ पडतो, कूलंट कशाला?’ हा प्रश्न मला नेहमी ऐकायला मिळतो. गंज आणि क्षार थांबवायला, एवढंच उत्तर. कूलंट परवडत नसेल तर निदान बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी तरी वापरा.

हेडचं काम निघालं की माझा आवाज आपोआप खाली येतो. बाहेर कुठंच ओल नाही, दाब भरला तरी काटा सावकाश पडतोय, आणि गार इंजिन चालू करून मिनिटभरात वरचा होस पाईप दगडासारखा कडक, तर पाणी तापून फुगायला एवढ्यात वेळच मिळालेला नसतो. सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय. झाकण उघडं ठेवून चालू केलं की बुडबुडे थांबत नाहीत. खात्रीसाठी निळं रसायन भरलेली काचेची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरतो. धुराचा गॅस असेल तर ते पिवळं पडतं. गिऱ्हाईकासमोर हे करावं. पिवळा रंग स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की वाद होत नाही.

नुसतं गॅस्केट घालून हेड बसवणारे आहेत. हेड सपाट आहे का हे पट्टी आणि फीलर गेज लावून पाहायला हवं, वाकलं असेल तर लेथवर फेसिंग करायला हवं, बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्यानं, टॉर्कच्या पान्यानं आवळायला हवेत. यात काही सोडलं की गाडी दोन महिन्यांत परत येते. खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. एका मुलानं वडिलांची गाडी आणली होती. वडील नुकतेच गेलेले. खर्च सांगितला तसा तो गप्प बसला, मग म्हणाला, ‘काका, तुमची असती तर?’ मी म्हणालो, माझी असती तर केलं असतं, कारण मजुरी मला पडत नाही. तुझी आहे, तर विकून टाक. त्यानं विकली नाही. काम करून घेतलं, आणि आता दर दिवाळीआधी कूलंट बघायला येतो. सल्ला देताना माणसाच्या गाडीची किंमत आपण ठरवू नये, हे त्यानंतर मी पाळतो. आकडे सांगतो आणि गप्प बसतो.

काम झाल्यावरही गाडी लगेच देत नाही. पाणी भरताना आत हवा धरते. हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, झाकण उघडं ठेवून इंजिन मंद चालू द्यायचं. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, बुडबुडे येतात, पुन्हा भरायचं. मग गाडी घाट चढवतो, पलीकडं वेळ्याला उतरतो आणि परत येताना बोगद्यातून येतो. तेवढा चढ कुठल्याही मीटरपेक्षा चांगली परीक्षा घेतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पूर्ण गार झाल्यावर, झाकण उघडून पातळी बघतो. गरम असताना झाकणाला हात लावू नका, हे गॅरेजमधल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी सांगतो. तरी एखादा लावतोच.

हे सगळं समजावून सांगितल्यावर गिऱ्हाईक मान डोलावतं, घड्याळ बघतं आणि म्हणतं, ‘म्हणजे संध्याकाळी मिळेल ना?’ उद्या सकाळी दहानंतर, असं मी सांगतो. काही जण चावी उचलून पुढच्या गॅरेजकडं जातात, काही जण रिक्षा शोधायला.